कॅम्पिंगसाठी हॅमॉक: निवड कशी करावी आणि कंबर न दुखता कसे झोपावे?

गेल्या काही वर्षांत ट्रेकला जाणाऱ्यांच्या सॅकमध्ये तंबूच्या जोडीला, काही वेळा तंबूऐवजीही, हॅमॉक दिसू लागला आहे. दोन झाडांच्या मध्ये बांधायची ही कापडी झोळी वजनाला हलकी असते, मुठीत मावेल इतकी लहान होते आणि जमीन ओली किंवा दगडाळ असली तरी अडत नाही. सहलीनंतर दवाखान्यात येणारी मंडळी मात्र दोन अगदी वेगळ्या गोष्टी सांगतात. काही जण म्हणतात, "डॉक्टर, इतकी छान झोप घरीसुद्धा लागत नाही." बाकीचे म्हणतात, "एकच रात्र झोपलो आणि चार दिवस कंबर धरली."

दोन्ही अनुभव खरे आहेत. फरक बहुतेक वेळा हॅमॉक कसा बांधला आणि त्यात कसे झोपलात, यामुळे पडतो. काही आजारांमध्ये मात्र नीट बांधलेल्या हॅमॉकमध्येही झोपू नये. या लेखात दोन्ही बाबी पाहू.

थोडक्यात महत्त्वाचे

- हॅमॉक सैल बांधा आणि त्यात तिरके झोपा. ताणून बांधलेल्या हॅमॉकमध्ये सरळ झोपले की पाठ केळ्यासारखी वाकते.
- बसल्यावर बैठक जमिनीपासून दीड फुटापेक्षा उंच नसावी.
- थंडी खालून लागते. पाठीखाली कॅरीमॅट हवीच.
- एक वर्षाखालील बाळाला हॅमॉकमध्ये कधीही झोपवू नये.
- जंगलातून आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना सहलीबद्दल नक्की सांगा.

हॅमॉकमध्ये झोप खरंच चांगली लागते का?

हलक्या झोक्याने झोप लवकर लागते हे पाळणा हलवणाऱ्या प्रत्येक आईला माहीत असते. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली १२ निरोगी पुरुषांवर याचा अभ्यास केला. हळू झुलणाऱ्या पलंगावर दुपारची ४५ मिनिटांची डुलकी घेताना त्यांना स्थिर पलंगापेक्षा लवकर झोप लागली आणि ती अधिक गाढही होती. अभ्यास लहान होता. शिवाय तो सपाट झुलणाऱ्या पलंगावर झाला होता, हॅमॉकवर नाही. त्यामुळे निद्रानाशावर उपचार म्हणून हॅमॉक घेऊ नका. 'हॅमॉकने कंबरदुखी बरी होते' या दाव्यालाही भक्कम पुरावा नाही.

जमिनीवरून वर झोपण्याचा एक फायदा मात्र आपल्या भागात मोलाचा आहे. मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांना चावल्याच्या घटना आपल्याकडे नेहमी घडतात. त्याच्या चाव्याने फारसे दुखत नाही, खूणही पुसट असते. त्यामुळे झोपेत चावल्याचे अनेकदा कळतच नाही. उंचावर, मच्छरदाणीच्या आत झोपल्याने हा धोका कमी होतो.

कंबर का दुखते?

उभे असताना आपल्या कमरेला आतल्या बाजूला हलका बाक असतो. हॅमॉक दोन्ही टोकांना ताणून बांधला आणि त्यात लांबीच्या दिशेने सरळ झोपलात, तर मधला भाग खाली जातो आणि डोके व पाय वर येतात. कमरेचा बाक उलट होतो. मणक्यांमधील चकत्या, पाठीचे स्नायू आणि मणक्यांना बांधून ठेवणारे पट्टे रात्रभर वाकलेल्या स्थितीत ताणले जातात. मान पुढे झुकते. गुडघ्यांना खालून आधार नसल्याने ते मागच्या बाजूला ताणले जातात.

तिरके झोपल्यावर हे बरेचसे टळते. डोके मध्यरेषेच्या एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला घेतले, की कापड रुंदीत पसरते आणि शरीर जवळजवळ सपाट होते. त्यासाठी कापड सैल आणि पुरेसे लांब-रुंद असावे लागते. म्हणून खरेदी करताना हे आधी बघायचे.

निवड करताना काय पाहावे?

*लांबी आणि रुंदी:* तुमच्या उंचीपेक्षा हॅमॉक किमान चार फूट लांब असावा. साडेपाच फूट उंचीच्या व्यक्तीला १० फूट पुरतो, सहा फुटांच्या आसपास उंची असेल तर ११ फूट घ्या. रुंदी पाच फुटांच्या जवळपास असावी. कमी किमतीचे आखूड हॅमॉक बसायला ठीक असतात, पण त्यात तिरके झोपता येत नाही. 'डबल' लिहिलेला हॅमॉक दोघांसाठी घेऊ नका. एकट्याने तिरके झोपायला मात्र तो चांगला. दोघे झोपले की दोघेही मध्ये घसरतात आणि दोघांचीही झोपमोड होते.

*कापड:* पॅराशूटसारखे नायलॉनचे कापड हलके असते आणि लवकर वाळते. सुती कापड अंगाला बरे वाटते, पण ते जड असते आणि दमट हवेत ओले राहते. घराच्या पडवीत सुती चालेल, ट्रेकला नायलॉन बरे. जाळीचे हॅमॉक दुपारच्या विश्रांतीपुरते ठीक. रात्रभर झोपल्यास अंगावर वळ उठतात.

*लाकडी दांड्याचे हॅमॉक:* दोन्ही टोकांना आडवी दांडी असलेले हॅमॉक रिसॉर्टमध्ये दिसतात. ते सपाट दिसतात, पण कूस बदलताना सहज उलटतात. रात्रीच्या झोपेसाठी ते घेऊ नका.

*वजन पेलण्याची क्षमता:* हॅमॉक, पट्टे आणि कॅराबिनर या तिन्हींवर लिहिलेली क्षमता पाहा. यामागे साधे गणित आहे. पट्टा आडव्या रेषेपासून ३० अंश खाली उतरत असेल, तर ७० किलोच्या माणसामुळे प्रत्येक पट्ट्यावर सुमारे ७० किलोचा ताण येतो. तोच हॅमॉक ताणून १० अंशांवर आणला, की प्रत्येक पट्ट्यावरचा ताण २०० किलोपर्यंत जातो. म्हणजे घट्ट बांधलेला हॅमॉक कमरेला वाईट असतोच, शिवाय तो तुटण्याची शक्यताही जास्त असते.

*पट्टे:* किमान एक इंच रुंद, शक्य असल्यास दोन इंची पॉलिएस्टरचे पट्टे घ्या. बारीक दोरी झाडाची साल कापते. नायलॉनची दोरी वजनाने ताणली जाते आणि मध्यरात्री तुम्ही जमिनीला टेकता.

बांधण्याची पद्धत

१. मांडीइतके किंवा त्याहून जाड बुंध्याचे जिवंत झाड निवडा. दोन झाडांमध्ये १२ ते १५ फूट, म्हणजे साधारण पाच-सहा पावलांचे अंतर असावे.

२. वर पाहा. वाळलेली फांदी, मधमाश्यांचे पोळे किंवा लटकलेले नारळ दिसले, तर ती जागा सोडा. सह्याद्रीतल्या कड्याकपारींत आग्यामोहोळे असतात. त्यांच्या जवळ धूर करणे जिवावर बेतू शकते.

३. आजूबाजूच्या वेली आणि झाडे पाहा. खाजकुयलीच्या शेंगांची लव अंगाला लागली तर प्रचंड खाज सुटते. बिब्ब्याच्या झाडाचा रस अंगावर पडल्यास त्वचा भाजल्यासारखी होते.

४. पट्टा बुंध्याभोवती साधारण डोक्याच्या उंचीवर गुंडाळा. तर्जनी आडवी आणि अंगठा सरळ वर धरा. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंत जी तिरकी रेषा दिसते ती साधारण ३० अंशांची असते. पट्ट्याचा उतार तेवढा ठेवा. हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये वरून ठराविक लांबीची दोरी बांधली, तर झोळ दर वेळी सारखाच येतो. ११ फुटी हॅमॉकला ही दोरी साधारण नऊ फुटांची लागते.

५. पायाकडची बाजू डोक्याच्या बाजूपेक्षा वीतभर उंच ठेवा. धड पायांपेक्षा जड असल्यामुळे रात्री शरीर पायाकडे सरकते. ते त्यामुळे थांबते.

६. आधी हाताने दाब देऊन पाहा, मग मध्यभागी हळूच बसा. बैठक खुर्चीच्या उंचीवर, म्हणजे दीड फुटाच्या आत असावी. खाली दगड किंवा झाडाचा खुंट नको.

घरी किंवा फार्महाऊसवर हॅमॉक बांधताना विटांच्या मोकळ्या खांबाला किंवा कंपाउंडच्या भिंतीला बांधू नका. बाजूने पडणारी ओढ असे खांब पेलू शकत नाहीत. खांब अंगावर कोसळून परदेशात मुलांचे मृत्यू झाले आहेत.

आरामात झोपण्यासाठी

आत जाताना हॅमॉककडे पाठ करून उभे राहा, कापड दोन्ही हातांनी पसरा आणि मध्यभागी बसा. मग दोन्ही पाय एकदम आत घ्या. आता डोके थोडे डावीकडे आणि पाय उजवीकडे सरकवा. बरे वाटले नाही तर बाजू उलट करून पाहा. प्रत्येकाला एक बाजू जास्त सोयीची असते.

- गुडघ्यांखाली गुंडाळलेला टॉवेल किंवा जॅकेट ठेवा. गुडघ्यावरचा आणि कमरेवरचा ताण लगेच कमी होतो.
- मानेखाली लहानशी उशी पुरते. डोके आधीच थोडे वर असते, त्यामुळे जाड उशीने मान दुखते.
- पोटरीखाली कापडाची कड रुतत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर जास्त तिरके व्हा. नस दबत असल्याचे ते लक्षण आहे.
- कुशीवर झोपायची सवय असेल तर तिरके होऊन गुडघ्यांमध्ये कपड्याची घडी घ्या. पोटावर झोपणाऱ्यांना मात्र हॅमॉक मानवत नाही.

ट्रेकच्या आधी एक-दोन दुपारी घराजवळ झोपून पाहा. त्यातून तुमचा योग्य झोळ आणि कोन लक्षात येईल. जंगलात पहिल्याच रात्री प्रयोग नको.

थंडी खालून लागते

डिसेंबर-जानेवारीत भंडारदरा, महाबळेश्वर परिसरात पारा १० अंशांच्या खाली जाऊ शकतो. अनेक जण जाड स्लीपिंग बॅग नेतात आणि तरीही रात्रभर कुडकुडतात. ऊब स्लीपिंग बॅगच्या भरणात अडकलेल्या हवेमुळे टिकते. पाठीखाली ते भरण शरीराच्या वजनाने दबते, आणि खालून वाहणारा वारा उष्णता काढून नेतो.

म्हणून पाठीखाली फोमची कॅरीमॅट घाला. ती खांद्यांपाशी पुरेशी रुंद असावी. नियमित जाणाऱ्यांनी हॅमॉकच्या बाहेरून खाली टांगायची खास रजई घ्यावी. ती दबत नसल्याने जास्त ऊब देते. दारूने गरम वाटते, पण प्रत्यक्षात शरीर जास्त उष्णता गमावते आणि पडण्याचा धोकाही वाढतो.

कोणी खूप थरथरत असेल, बोलताना अडखळत असेल किंवा गोंधळल्यासारखे वागत असेल, तर त्या व्यक्तीला लगेच आडोशाला न्या. ओले कपडे बदला, कोरड्या पांघरुणात गुंडाळा. नीट शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तरच कोमट गोड पेय द्या आणि वैद्यकीय मदत मिळवा.

डास, गोचीड आणि ताप

पातळ कापडातून डास खालूनही चावतात. कॅरीमॅटने त्यापासूनही बचाव होतो. वरून मच्छरदाणी लावा. संध्याकाळी लांब बाह्या आणि पूर्ण पँट घाला.

हॅमॉकमध्ये झोपलात तरी दिवसभर गवतातून आणि पाचोळ्यातून फिरणे होतेच. तिथल्या अतिसूक्ष्म किड्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. चावलेल्या जागी कधीकधी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते. ती काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली लपलेली असू शकते. सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि गोव्यातील सत्तरी भागात गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार प्रथम १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. जिथे माकडे मेलेली आढळली असतील तिथे मुक्काम करू नका आणि आरोग्य विभागाला कळवा.

सकाळी अंगावर, विशेषतः सांध्यांच्या घड्यांत, गोचीड आहे का पाहा. असल्यास चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ धरून सरळ ओढून काढा आणि जागा साबणाने धुवा. बूट घालण्यापूर्वी झटका. रात्री उतरताना आधी जमिनीवर टॉर्च मारा, मगच पाय ठेवा.

कोणी हॅमॉकमध्ये झोपणे टाळावे?

*कंबरदुखी असलेले:* आधी स्वतःला एक प्रश्न विचारा. पुढे वाकल्यावर तुमचे दुखणे वाढते की कमी होते? चकतीच्या त्रासात बहुधा वाकल्याने वेदना वाढते, त्यामुळे हॅमॉक त्रासदायक ठरतो. मणक्याची नळी अरुंद झालेल्या काही ज्येष्ठांना वाकल्यावर बरे वाटते, त्यांना हॅमॉकमध्येही आराम वाटू शकतो. कळ पायात उतरत असेल किंवा नुकतेच मणक्याचे ऑपरेशन झाले असेल, तर तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोपू नका.

*ज्येष्ठ आणि हाडे ठिसूळ झालेले:* इथे मुख्य धोका चढताना-उतरताना पडण्याचा आहे. दीड फुटावरून पडूनही खुब्याचे हाड मोडू शकते. आजी-आजोबांना दुपारी बसायला हॅमॉक द्या, पण उतरताना हाताला कोणीतरी असावे. रात्री त्यांना सपाट बिछानाच बरा.

*रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या घेणारे:* एकदम उठल्यास चक्कर येते. रात्री लघवीला उठणाऱ्या प्रोस्टेटच्या रुग्णांनीही काळजी घ्यावी. पाय खाली सोडून एक मिनिट बसा, मगच उभे राहा.

*गर्भवती:* शेवटच्या तीन महिन्यांत कुशीवर झोपण्याचा सल्ला दिला जातो. हॅमॉकमध्ये ते कठीण असते आणि तोलही जातो. रात्रीची झोप हॅमॉकमध्ये नको.

*इतर:* डोके हलवल्यावर गरगरण्याचा त्रास, नियंत्रणात नसलेली फिट, झोपेत श्वास अडखळण्याचा गंभीर त्रास, गुडघ्याचे किंवा पोटाचे नुकतेच झालेले ऑपरेशन यापैकी काही असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

लहान मुले: इथे तडजोड नको

आपल्याकडे अनेक घरांत बाळाला साडीच्या झोळीत झोपवतात, त्यामुळे हॅमॉकही तसाच सुरक्षित वाटतो. बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान अशक्त असते. खोलगट कापडात हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची नळी अरुंद होते. मऊ कापड नाकातोंडावर आले तर बाळाला ते बाजूला करता येत नाही. बालरोगतज्ज्ञांचा सल्ला स्पष्ट आहे: पहिले वर्षभर बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवावे. घरची झोळी वापरतच असाल, तर मोठ्या माणसाची नजर सतत बाळावर हवी, आणि झोप लागली की त्याला सपाट जागी ठेवा. बाळाला छातीवर घेऊन हॅमॉकमध्ये झोपी जाणेही धोक्याचे आहे.

मोठ्या मुलांचा धोका वेगळा आहे. टांगलेल्या कापडात गोल फिरून पीळ देण्याचा खेळ मुलांना आवडतो. त्यात कापड मानेभोवती आवळून मुले दगावली आहेत. वापर झाला की हॅमॉक किंवा झोळी सोडून ठेवा. मोकळी टांगलेली ठेवू नका.

डॉक्टरांकडे कधी जावे?

साधा आखडलेपणा शेक आणि हलक्या हालचालीने दोन-तीन दिवसांत कमी होतो. पूर्ण झोपून राहू नका. पुढील लक्षणे असतील तर वेळ घालवू नका:

- पायात अशक्तपणा, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी-शौचावरचे नियंत्रण जाणे. हे तातडीचे आहे.
- हॅमॉकमधून पडल्यावर मान दुखणे किंवा हातापायांत मुंग्या येणे. अशा व्यक्तीला उठवून बसवू नका, आहे तिथेच स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करा.
- सकाळी उठल्यावर पापण्या मिटू लागणे, गिळायला त्रास होणे किंवा कारण नसताना पोटात दुखणे. साप चावल्याची खूण दिसत नसली तरी मण्यारीची शंका घ्या. जखम कापू नका, आवळून बांधू नका. रुग्णाला चालायला न लावता सर्पदंशावरील लस असलेल्या रुग्णालयात न्या.
- जंगलातून आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी किंवा काळी खपली.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*रोज घरी हॅमॉकमध्ये झोपले तर चालेल का?*
निरोगी व्यक्तीला नीट तिरके झोपता येत असेल आणि सकाळी काहीही दुखत नसेल, तर हरकत नाही. उठल्यावर रोज आखडल्यासारखे वाटत असेल तर गादीवर परत या.

*ॲसिडिटीच्या रुग्णांना फायदा होतो का?*
डोके आणि छाती थोडी वर राहिल्याने काहींना बरे वाटते. पण पोट दुमडले जात असेल तर त्रास वाढतो. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवा.

*पावसाळ्यात हॅमॉक वापरावा का?*
वादळी पावसात किंवा विजा कडकडत असताना झाडाखाली थांबू नये, हॅमॉक असो वा नसो. अशा वेळी गावातल्या घरात किंवा पक्क्या इमारतीत आसरा घ्या.

शेवटी, सहलीला निघण्यापूर्वी घरात कोण कुठे झोपणार ते ठरवून घ्या. तरुण, निरोगी मंडळींनी खुशाल हॅमॉक बांधावेत. आजी-आजोबा, गर्भवती आणि बाळ यांच्यासाठी तंबूत किंवा घरात सपाट बिछाना ठेवा, म्हणजे सगळ्यांचीच रात्र निवांत जाईल.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या आजारानुसार योग्य सल्ल्यासाठी तुमच्या डॉक्टरांशी बोला.*